पार्टिझन कमांडरवर लिहायचंय? आधी रुळाची लांबी विचारा

दुसऱ्या महायुद्धातल्या एखाद्या पार्टिझन (म्हणजे शत्रूने व्यापलेल्या मुलखात गनिमी काव्याने लढणाऱ्या) कमांडरवर लिहायचा किडा डोक्यात शिरला की पहिली चूक कुठे होते ते मी स्वतःवरूनच सांगतो. मी सोव्हिएत 'रेल्वे युद्धा'वर एक लेख लिहिला होता आणि त्यात छाती फुगवून वाक्य टाकलं होतं की 3 ऑगस्ट ते 15 सप्टेंबर 1943 या काळात पार्टिझननी जर्मनांच्या पिछाडीला 1342 किलोमीटर रेल्वेमार्ग उडवला. आकडा कसा भारदस्त, शेवटी 42 आहे म्हणजे कोणीतरी मोजूनच लिहिला असणार ना. लेख वाचून, ट्रॅक दुरुस्तीच्या कामात आयुष्य घालवलेल्या एका काकांनी एकच प्रश्न विचारला, "अरे, एक रूळ किती लांबीचा धरलायस?" मला काही सांगताच येईना.

मग बसलो हिशोब करत. मूळ सोव्हिएत आकडा किलोमीटरमध्ये नाहीच आहे, तो आहे 2,14,705 रूळ. तिथला तेव्हाचा रूळ साडेबारा मीटरचा. गुणाकार करा, 2684 किलोमीटर लोखंड येतं, मार्गाला रूळ दोन लागतात म्हणून ते निम्मं करा, बरोब्बर 1342. म्हणजे फीत घेऊन कोणी काही मोजलेलं नव्हतं, पथकांनी वर कळवलेले रूळ मोजले आणि कागदावर गुणले. आणि त्यात धरून काय चाललेत, तर एक स्फोट झाला की अख्खा साडेबारा मीटरचा रूळ गेला. प्रत्यक्षात रूळ एका जागी तुटतो, बाकीचा तिथेच पडून असतो, आणि जर्मन दुरुस्तीवाले सकाळी येऊन तेवढंच निस्तरतात. काकांना हे सगळं एका प्रश्नात कळलं होतं, मला दोन रात्री लागल्या.

तेव्हापासून अशा माणसांवर वाचायची-लिहायची माझी एक पद्धत बसलीये, तीच इथे सांगतोय. (सुरुंग कसा लावायचा हे यात नाहीये, त्यासाठी आला असाल तर इथूनच परत फिरा.)

सगळ्यात आधी माणूस एकच घ्या आणि त्याचाही एकच हिवाळा किंवा एकच मोहीम घ्या. 'सोव्हिएत पार्टिझन चळवळ' असा विषय घेतलात की संपलात, मग तुम्ही फक्त आकडे आणि पदकं उतरवून काढणार. मी उदाहरणाला कॉन्स्टँटिन झास्लोनोव घेतो कारण हा माणूस मुळात सैनिक नाही, रेल्वेवाला आहे, आणि घातपाताच्या गोष्टीत रेल्वे समजणारा माणूस भेटला की निम्मं काम सोपं होतं. जन्म 1910 चा, बेलारूसमधल्या ओर्शा जंक्शनच्या लोकोशेडचा प्रमुख. 1941 मध्ये जर्मन आले तेव्हा मॉस्कोकडे गेला, तिथे शेडमध्ये काम केलं, आणि मग आपल्यासारख्याच रेल्वे कामगारांची एक छोटी टोळी घेऊन आघाडी ओलांडून परत मागे आला. नोव्हेंबर 1941 मध्ये सरळ ओर्शाला जाऊन जर्मनांकडे नोकरी मागितली, आणि त्यांनी दिलीसुद्धा! रशियन इंजिन क्रूंचा प्रमुख म्हणून. टोपणनाव 'द्याद्या कोस्त्या', म्हणजे आपल्या भाषेत कोस्त्याकाका.

इथे थांबा आणि नकाशा काढा. खरंच कागदावर काढा, मोबाईलवर बोटाने झूम करून नाही समजत. मिन्स्कहून स्मोलेन्स्कमार्गे मॉस्कोला जाणारी मुख्य लाईन ओर्शातून जाते, वितेब्स्क ते मोगिलेव अशी उत्तर-दक्षिण लाईन तिला तिथेच छेद देते. 1941 च्या हिवाळ्यात मॉस्कोच्या वेशीवर जी जर्मन फौज गारठून पडली होती तिची रसद मोठ्या प्रमाणावर याच वाटेने. एवढं कागदावर दिसलं की तो कमांडर तिथेच का गेला, दुसरीकडे का नाही, हे कोणी सांगावं लागत नाही. माझा अनुभव असा की जिथे नकाशा नाही तिथे लेखात 'शत्रूच्या उरात धडकी भरली' टाईप वाक्यं येतात. आणि नकाशावर गावांची नावं लिहिताना एकेका गावाची दोन-तीन नावं बाजूला लिहून ठेवा. ओर्शा हेच बेलारूशियनमध्ये व्होर्शा, झास्लोनोव तिकडे झास्लोनाव, युक्रेनमधला पार्टिझन कमांडर कोव्हपाक कधी सिदोर तर कधी सिदिर, ल्विव हे जर्मन कागदात लेम्बेर्ग आणि पोलिशमध्ये ल्वूव. मी एकदा एकाच गावाच्या दोन नावांना दोन गावं समजून तिथे दोन चकमकी घडवून आणल्या होत्या, हसू नका.

मग हवामान. हे लोक विसरतात आणि इथेच सगळी मजा आहे. झास्लोनोवच्या गटाने कोळशाच्या ढेकळासारखे दिसणारे सुरुंग इंजिनांच्या कोळशात मिसळले, शेडमध्ये बारीकसारीक बिघाड घडवले, आणि सोव्हिएत लिखाणात असं येतं की तीन महिन्यांत जवळपास 100 इंजिनं निकामी झाली. ठीक आहे. पण तो हिवाळा कुठला होता बघा. 1941-42 चा. जर्मन इंजिनांचे पाण्याचे पाईप बॉयलरच्या बाहेरून गेलेले, त्यांच्या देशातल्या थंडीला ते चालून जायचं, रशियात ते गोठून फुटायला लागले, आणि त्या हिवाळ्यात जर्मनांची बहुसंख्य इंजिनं अशीच बंद पडली असं लष्करी इतिहासात सगळीकडे सापडतं. आता ओर्शाच्या शेडमध्ये एक इंजिन मेलेलं उभं आहे, त्याला कोस्त्याकाकांनी मारलं की थंडीने? जर्मन फोरमनलासुद्धा हे धड सांगता आलं नसणार, आणि खरं तर त्या धुक्याचा फायदा घेता आला हीच झास्लोनोवची कमाल. माझं मत विचाराल तर 100 हा आकडा खोटा ठरवायची घाई करू नका आणि खरा म्हणून छापायचीही नको. 'निकामी' म्हणजे बॉयलर फुटून कायमचं गेलं की दोन दिवस दुरुस्तीला उभं राहिलं, एवढा प्रश्न त्याच्या शेजारी लिहून ठेवा आणि पुढे चला.

आणखी एक प्रश्न जो मला कुठेच कोणी विचारलेला दिसला नाही. हा माणूस रशियन क्रूंचा प्रमुख होता. कोळशातला सुरुंग भट्टीत फुटतो. भट्टीसमोर फावडं घेऊन उभा कोण असतो? कोळसा टाकणारा. तो दर वेळी जर्मनच असेल का? मला उत्तर द्यायचं नाहीये, पण लिहिणाऱ्याने हे स्वतःला एकदा विचारलं की कमांडर पुतळ्यावरून खाली उतरतो आणि माणूस व्हायला लागतो. असे निर्णय घेणारा माणूस रात्री झोपत कसा असेल, याचं वर्णन कल्पनेने करू नका, फक्त प्रश्न तिथे राहू द्या.

आता कागदपत्रं. सोव्हिएत बाजूचे पुरस्कार-शिफारशीचे कागद रशियन संरक्षण मंत्रालयाच्या 'पोद्विग नरोदा' या साईटवर स्कॅन करून ठेवलेत, वाचायला रशियन आणि प्रचंड चिकाटी लागते. त्यात बघायचं काय, तर तारीख, कोणी लिहिलं, आणि घटनेनंतर किती दिवसांनी लिहिलं. शिफारस हा कागदच मुळात माणसाला मोठा दाखवायला लिहिलेला असतो, आपल्या बायोडेटासारखा. वर एकच गाडी दोन वेगवेगळ्या पथकांनी आपापल्या नावावर लावायचा धोका असतोच, रात्री अंधारात स्फोट केला आणि पळालात, किती डबे घसरले हे मोजायला कोण थांबणार.

याचं झकास उदाहरण म्हणजे बेलारूसमधलं ओसिपोविची स्टेशन. 30 जुलै 1943 ला फ्योदोर क्रिलोविच नावाच्या तिथेच काम करणाऱ्या एका तरुणाने इंधनाच्या गाडीला दोन चुंबकी सुरुंग चिकटवले, शेजारच्या गाड्यांमध्ये दारूगोळा होता, आग पसरत गेली आणि सगळं यार्ड पेटलं. इथपर्यंत ठीक. पण त्यात टायगर रणगाडे किती जळाले यावर वाद आहे. आता टायगर ही गोष्ट तपासायला सोपी असते बरं का. टायगर-1 सगळे मिळून 1350 च्या आसपासच बनले, ते ठराविक क्रमांकाच्या जड बटालियनमध्ये असायचे, आणि बटालियन आपला हिशोब ठेवायची. तेव्हा ज्या दाव्यात टायगर आहे तिथे बटालियन कुठली हे विचारायचं, नुसते 'रणगाडे' असतील तर अवघड, टायगर असतील तर धागा सापडतो. महागडी वस्तू शोधा, तिचा मागमूस राहतो.

जर्मन बाजूचे कागद युद्धानंतर अमेरिकेने ताब्यात घेऊन मायक्रोफिल्म केले, त्यामुळे ढिगाने उपलब्ध आहेत, पण ते पवित्र समजू नका. ऑगस्ट 1942 पासून एसएसचा प्रमुख हिमलरने 'पार्टिझन' हा शब्दच वापरायचा नाही, 'बँडिट' म्हणायचं असा फतवा काढला. म्हणजे त्यानंतरच्या जर्मन कागदात 'मारलेले बँडिट' दिसले की ते कोण होते हे लगेच ठरवू नका. मी यासाठी एक साधी युक्ती वापरतो, मेलेल्यांच्या आकड्याशेजारी हाती लागलेल्या रायफलींचा आकडा शोधतो. 1943 च्या ऑपरेशन कॉटबुस या पार्टिझनविरोधी जर्मन मोहिमेबद्दल बेलारूसचा नाझी प्रमुख विल्हेल्म क्यूब यानेच 5 जूनला कळवलं होतं : मेलेले शत्रू 4500, टोळीतले असल्याच्या संशयावरून मेलेले आणखी 5000, जर्मन मेलेले 59, आणि रायफली मिळाल्या 492. साडेनऊ हजार माणसं आणि पाचशे बंदुकासुद्धा नाहीत. मग बाकीच्यांच्या हातात काय होतं? काहीच नव्हतं, गावातली माणसं होती ती. क्यूब काही दयाळू वगैरे नव्हता, त्याचं दुखणं वेगळं होतं, अशाने उरलेली जनता पण हातची जाते हे त्याला कळत होतं. सप्टेंबर 1943 मध्ये त्याच्याच घरात कामाला असलेल्या येलेना माझानिकने पलंगाखाली ठेवलेल्या बॉम्बने तो गेला. पार्टिझनांशी संधान बांधलेली ही बाई आणि तिच्या साथीदार बायका, यांच्यावर स्वतंत्र लिहायला पाहिजे, कमांडर म्हटलं की दाढी आणि मशीनगनच डोळ्यासमोर येते आपल्या.

दोन्ही बाजूंचे कागद एकमेकांना मिळतात असं कधी कधी होतं आणि ते बघायला फार बरं वाटतं. 19-20 जून 1944 च्या रात्री, ऑपरेशन बाग्रातिओन या मोठ्या सोव्हिएत चढाईच्या तोंडावर, बेलारूसमधल्या पार्टिझननी जर्मन आर्मी ग्रुप सेंटरच्या मागच्या रेल्वेवर एकाच वेळी हल्ला केला. 10 हजारांच्या वर स्फोट झाले हे जर्मन वाहतूक अधिकारीच लिहून गेलेत. इथे मी आकडा बिनधास्त वापरतो, कारण ज्याचं नुकसान झालं तोच सांगतोय, आणि त्याला तो फुगवून सांगण्यात काही पदक मिळणार नव्हतं.

यावरून पुढचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच. काय उडवलं हे लिहून झालं की काय थांबलं, किती वेळ थांबलं आणि तेव्हा पलीकडे काय चाललं होतं ते शोधा. ग्रीसमधला गोर्गोपोतामोसचा रेल्वे पूल घ्या. 25 नोव्हेंबर 1942 च्या रात्री आरिस वेलूखिओतिस आणि नापोलिओन झेर्वास या एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन संघटनांच्या कमांडरांनी ब्रिटिश पथकाबरोबर मिळून तो पाडला, सगळी मिळून दीडशेच्या आसपास माणसं. पूल सुमारे सहा आठवडे बंद. केवढं यश! पण मोहीम आखली होती जर्मन सेनापती रोमेलची उत्तर आफ्रिकेतली रसद तोडायला, आणि तो जिथे हरला ती इजिप्तमधली अल अलामेइनची लढाई तर नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच संपलेली. मग मोहीम वाया गेली का? मला तसं वाटत नाही, डोंगरातल्या दोन वैरी गटांनी एकत्र येऊन काम केलं हेच पुढे कितीतरी दिवस लोकांनी सांगितलं. पण 'पूल पाडून रोमेलला हरवलं' असं लिहिलंत तर तारखाच तुम्हाला खोटं पाडतील. कॅलेंडर शेजारी ठेवायला काय जातं.

रेल्वे युद्धाचंही तेच. पार्टिझन चळवळीच्या मॉस्कोतल्या केंद्रीय मुख्यालयाचा प्रमुख पोनोमारेन्को, त्याची कल्पना की सगळीकडे एकदम रूळ तोडा. पहिल्याच रात्री 42 हजार रूळ गेल्याचं सांगतात. आणि घातपाताच्या शास्त्रातला सोव्हिएत बाप म्हणजे इल्या स्तारिनोव, स्पेनच्या यादवीपासून हेच काम केलेला, खारकोवमध्ये रेडिओने सुरुंग उडवून जर्मन जनरल गेओर्ग ब्राउनला मारणारा, तो म्हणत होता की रिकामे रूळ कसले तोडताय, धावती गाडी पाडा. गाडी पडली तर इंजिन जातं, माल जातो, मार्गही अडतो. रूळ तुटला तर रूळ तुटतो. या भांडणात मी स्तारिनोवच्या बाजूचा आहे. पण पोनोमारेन्कोची बाजू पण नीट मांडा, त्याला एकाच वेळी सगळीकडची दुरुस्ती पथकं थकवायची होती, आणि 3 ऑगस्टला बेल्गोरोद-खारकोवकडे सोव्हिएत चढाई त्याच दिवशी सुरू झाली हा काही योगायोग नाही. कमांडरवर लिहिताना त्याच्या वरच्याचा हुकूम काय होता हे न बघता त्याला शहाणा किंवा मूर्ख ठरवायचं नाही, जंगलातल्या माणसाला वरून 'रूळ मोजून कळवा' आलं की तो रूळच मोजणार.

किंमत कोणी चुकवली हे लेखाच्या शेवटच्या ओळीत 'अनेक निरपराधांनाही प्राण गमवावे लागले' असं उरकू नका, ते घटनेला चिकटूनच यायला हवं. पोलंडच्या होम आर्मी या भूमिगत सेनेने 7-8 ऑक्टोबर 1942 च्या रात्री वॉर्साभोवतीच्या रेल्वेलाईनी तोडल्या, आठच दिवसांनी 16 तारखेला जर्मनांनी वॉर्साच्या पाविआक तुरुंगातल्या 50 कैद्यांना फासावर चढवलं. बेलारूसमधलं खातिन तर माहीतच असेल : 22 मार्च 1943, रस्त्यावर पार्टिझनांच्या हल्ल्यात हान्स व्योल्के मेला, हा 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकमधला गोळाफेकीचा सुवर्णपदकवाला, आणि त्याच दिवशी जवळचं खातिन गाव माणसांसकट जाळलं. 149 जण, त्यात 75 मुलं. जाळणाऱ्यांमध्ये जर्मनांच्या हाताखालची सहायक पोलिस बटालियनही होती, म्हणजे सगळे जर्मन नव्हते. कमांडरला हे सगळं ठाऊक असायचं, तरी तो निघायचा, आणि न निघता गप्प बसला असता तर गावं वाचली असती असंही नाही. तुविया बिएल्स्कीने बेलारूसमधल्या नालिबोकीच्या जंगलात वेगळाच रस्ता धरला, म्हाताऱ्या, पोरं, सगळ्यांना घेऊन तळ ठोकला आणि 1200 च्या आसपास ज्यू माणसं जिवंत ठेवली. त्यालाही आपण पार्टिझन कमांडरच म्हणतो. एकाच शब्दात किती मावतं बघा.

रोजच्या जगण्याचे तपशील शोधा, आणि सापडले नाहीत तर बनवू नका, जेवढे आहेत तेवढेच वापरा. कोव्हपाक हा युक्रेनमधल्या पुतिव्ल शहराच्या सोव्हिएतचा, म्हणजे नगर परिषदेचा, अध्यक्ष, 1887 चा जन्म, म्हणजे युद्ध आलं तेव्हा चोपन्न वर्षांचा गृहस्थ. त्याची टोळी घोडागाड्यांच्या लांबच लांब रांगेने रात्री चालायची. जून 1943 मध्ये सुमारे 1900 माणसं घेऊन कार्पेथियन डोंगरांकडे निघाला, तिथे गाड्या आणि तोफा चढेनात, टाकून द्याव्या लागल्या, जखमींना उचलून न्यावं लागलं, आणि ऑगस्टमध्ये दिल्यातिनला त्याचा कमिसार (पथकातला राजकीय अधिकारी) रुद्नेव मारला गेला. मला या मोहिमेतलं जळालेलं तेल आणि पडलेले पूल लक्षात राहिले नाहीत, टाकलेल्या गाड्या राहिल्या. सपाट प्रदेशात जी गाडी तुमची ताकद असते ती डोंगरात गळ्यातला धोंडा होते, हे एका तपशिलात कळतं, त्यावर पान खर्चायची गरज नाही.

आणि शेवट लिहिताना समोरचा शत्रू कोण होता ते तपासा. झास्लोनोव 1942 च्या सुरुवातीला संशय वाढल्यावर ओर्शा सोडून जंगलात गेला, पथक वाढवलं, आणि 14 नोव्हेंबर 1942 ला कुपोवात गावच्या चकमकीत मेला. जुन्या सोव्हिएत मजकुरात समोर फक्त 'फॅसिस्ट' आहेत. प्रत्यक्षात तिथे जर्मनांनी ओर्शाजवळच उभारलेल्या रशियन 'लोकसेने'च्या तुकड्या होत्या, म्हणजे रशियन माणसाने रशियन माणसाला मारलं, त्यातले कित्येक युद्धकैद्यांच्या छावणीतल्या उपासमारीतून भरती झालेले. मार्च 1943 मध्ये त्याला मरणोत्तर सोव्हिएत संघाचा वीर ही पदवी मिळाली. ही दोन्ही वाक्यं लेखात शेजारी शेजारी ठेवा, मध्ये 'मात्र', 'तथापि' काही नको.

माझा तो जुना लेख मी नंतर दुरुस्त केला. 1342 वालं वाक्य काढून तिथे आता असं आहे : 'पथकांनी 2,14,705 रूळ तोडल्याचं कळवलं, रूळ साडेबारा मीटरचा धरला तर कागदावर 1342 किलोमीटर होतात.' काकांना परत पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "आता बरं आहे. रुळाखालच्या स्लीपरचं काय केलंस?"